सुट्टीच्या दिवशी गेलेली दोन बोटं

दसऱ्याच्या सकाळी सातपूरच्या त्या कारखान्यात सगळे नवे कपडे घालून आले होते आणि फिटर चिमाजी तेवढा ग्रीस माखून पत्रा कापणाऱ्या पॉवर प्रेसमध्ये कोपरापर्यंत घुसला होता. आठवडाभर क्लच अडकत होता. पेडल न दाबताच प्रेस धाडकन खाली यायचा. पण इतर दिवशी साहेबांना प्रॉडक्शन हवं, म्हणून दुरुस्तीला सुट्टी सापडली. चिमाजीनं मेन स्विच बंद करून त्यावर लाल पाटी अडकवली होती : काम चालू आहे, स्विच लावू नये.

"आटप रे, अकरा वीसचा मुहूर्त आहे," साहेब म्हणाले.

"अर्धा तास द्या साहेब. तोवर लेथची पूजा उरका."

"लेथची? लोक हसतील! पूजा मोठ्या मशीनचीच."

"आणि यंत्र चालू केल्याशिवाय पूजा पावत नाही बरं का," बाळाजी गुरुजींनी भर घातली.

शिपाई देवराम ताट घेऊन स्विचपाशी आला. सणासुदीला ती पाटी त्याला अभद्र वाटली. त्यानं ती अदबीनं काढली आणि तिथं झेंडूची माळ घातली. साहेबांनी स्विचला कुंकू लावलं, हात जोडले आणि स्विच वर केला.

प्रेसनं मुहूर्त अचूक गाठला. चिमाजीची दोन बोटं गेली. गडबडीत नारळ फोडायचा राहिला, याची गुरुजींना फार हळहळ वाटली.

तिसऱ्या दिवशी साहेब दवाखान्यात पेढे आणि एक कागद घेऊन आले.

"दसऱ्याला रजिस्टरात सुट्टी आहे. म्हणजे तू कारखान्यात नव्हतासच. घरी विळीवर कापलं, असं लिहिलंय. अंगठा दे."

अंगठा दिला की कारखान्यातला अपघात संपला, आणि त्याबरोबर अपंगत्वाची पेन्शनही, हे चिमाजीला पक्कं ठाऊक होतं.

"साहेब, मी जन्मात काकडी चिरली नाही."

"विळीला हात लावला असता तर मीच पेढे वाटले असते," त्याची बायको कलाबाई म्हणाली. "हे घरी होते म्हणता, मग बोटं तेवढी कामावर आली होती का? त्यांची हजेरी लावा. नाहीतर उद्या गेटवर येऊन सगळ्यांदेखत बोटं परत मागते."

साहेबांनी खिशातून दुसरा कागद काढला. अपघाताचं कारण : कामगाराचा हात पूजेच्या मध्ये आला.

चिमाजीनं ते दोनदा वाचलं.

"चला, हात तरी कारखान्यात पोचला," म्हणत त्यानं डाव्या हातानं वाकडीतिकडी सही केली.