उपरणं पुढं गेलं

वैजापूरहून औरंगाबादला जायच्या तीन वाटा होत्या, आणि आवडाबाई तिन्ही वाटांनी रोज जाऊन येत असे. चुलीपुढून न उठता.

तिचा नवरा पुंजाराम संध्याकाळी ओट्यावर बसून प्रवासाचा बेत सांगू लागला, की इकडं भाकरी फुगायची आणि ती निघायची. "रोटेगावातून रेल्वेनं जाऊ," तो म्हणायचा, आणि ती लासूर, पोटूळ मागं टाकत खिडकीशी बसलेली असायची. दौलताबादचा किल्ला थोडा वेळ गाडीबरोबर चालायचा, मग दमून थांबायचा. "नाय तर यष्टीनं, वेरूळकडून. महादेवाला हात जोडता येतील." की लगेच ती घाटात झुलू लागायची, मांडीवर बेलाची पानं घेऊन.

तिसरी वाट गंगापूरवरून. सगळ्यात सोपी, आणि तिचं नाव पुंजाराम घेत नसे. ती वाळूजवरून जायची, वाळूजला लागून बजाजनगर होतं, आणि बजाजनगरात दुसऱ्या मजल्यावर त्यांची अनसूया राहत होती. तिनं कंपनीतल्या पोराशी आपल्या मनानं लग्न केलं, तेव्हा बाप बोलून बसला होता, "तुझा जिना मी चढायचा नाय." आता तिला मुलगी झाली होती. रविवारी बारसं होतं. "दोघंबी या," असा निरोप होता. आवडाबाई एकटी गेली असती, तर बापलेकीतलं अंतर कायमचं झालं असतं.

या तिसऱ्या वाटेनं ती मुकाट्यानं जायची. जिन्याच्या खालच्या पायरीशी मागं वळून बघायची, मागं कुणी नसायचं, आणि भाकरी करपायची.

"जायचं तर हायेच," पुंजाराम म्हणायचा. "पण आज सोमवार. पूर्वेला जाता येत नाय." मग दिवस चांगला निघाला, पण वाट ठरेना. शेवटी मुहूर्त वाया जाऊ नये म्हणून त्यानं प्रस्थान ठेवलं. आपल्या जुन्या उपरण्यात तांदूळ, हळकुंड, सुपारी बांधली आणि गावाच्या पूर्वेला राहणाऱ्या वच्छलाबाईच्या घरी गाठोडं ठेवून आला. गाठोडं बाहेर पडलं की माणूस निघाल्यात जमा. पुढं सवडीनं ते उचलायचं आणि मागं न फिरता वाटेला लागायचं. पुंजाराम खूश होता. निघालाही होता आणि घरीही होता.

शनिवारी वच्छलाबाई दारात आली. तोंडावर पदर.

"भावजी, घोटाळा झाला. आमचा जावई बन्सी टेंपो घेऊन वाळूजला जातो ना, त्याला म्हणलं, अनसूयेला कुरडयांचं गाठोडं दे. त्यानं तुमचं नेलं."

"माझं प्रस्थान?"

"व्हय. कुरडया घरीच हायेत."

पुंजाराम खाली बसला. "ती काय म्हणली?"

"म्हणली, दादांचं उपरणं लई मऊ झालंय. बाळाला त्यातच गुंडाळलंय. आणि इचारलंय, सुपारीचं काय करू?"

आवडाबाईनं वच्छलाबाईकडं नीट पाहिलं. इतक्या वर्षांच्या ओळखीत ही बाई एवढी गोंधळलेली तिनं कधी पाहिली नव्हती.

"असं कुणी प्रस्थान नेतं व्हय?" पुंजाराम पुटपुटला.

"नेलं खरं," आवडाबाई म्हणाली. "आता तुम्ही पोचलात. मागं फिरायचं नसतं, तुम्हीच सांगता. तुमच्या माघारी मीच तेवढी इथं ऱ्हायले."

तो बराच वेळ उघड्या खांद्यावरून हात फिरवत राहिला, जणू उपरणं तिथंच कुठं सापडेल.

रविवारी सकाळी यष्टीत कंडक्टर पुढ्यात येऊन उभा राहिला. पुंजाराम खिडकीबाहेर बघत होता. आवडाबाईनं डोळे मिटले. रेल्वे, घाट, बेलाची पानं, सगळं एकात एक मिसळून वाहत गेलं.

"दोन द्या," तिला ऐकू आलं. "बजाजनगर."

गंगापूर मागं पडलं. कपाशीची रानं उन्हात तरंगत होती. पुंजाराम तिच्याकडं न बघता म्हणाला, "जिना लई उभा हाय का गं?"

"ठावं नाय," आवडाबाई म्हणाली. "मी रोज खालच्या पायरीपतुरच जाते."