दुसऱ्या भागात आई नाही

पोथी वाईट जागी ठेवू नये, असं माझ्या सासूबाईंनी मला शिकवलं होतं. अध्यायात कुणी मरत असेल, कुणाला वनवास घडत असेल, तर तिथं खूण घालून उठायचं नाही. पुढं कुणाचं लग्न लागेपर्यंत किंवा पाळणा हलेपर्यंत वाचायचं आणि मगच पोथी रुमालात बांधायची. माझा रोजचा अध्याय मी आजवर तसाच वाचत आले. तो झाल्याशिवाय तोंडात पाणी घालत नाही. पण हा नियम कादंबरीलाही लावावा लागेल, असं मला कुणी सांगितलं नव्हतं.

दुष्काळाचं साल होतं. कवठे महांकाळच्या आमच्या बाजूला पाऊस पुन्हा चुकला आणि गावाबाहेर पाझर तलावाचं काम निघालं. बागायतदाराची सून असो की मेंढक्याची बायको, सगळ्या एका ओळीत बसून खडी फोडत होत्या. मीही होते. दुपारच्या सुट्टीत बाभळीच्या विरळ सावलीत रेशनवर आलेल्या मिलो नावाच्या परदेशी ज्वारीच्या लाल भाकरी सुटायच्या. ती भाकरी घशाखाली उतरवायची तर कानाला काहीतरी गोड लागे. मी वडूजला चौथीपर्यंत शिकलेली, म्हणून वाचायचं काम माझ्याकडे आलं.

पुस्तक आमचे आप्पासो भाऊजी आणत. ते एस.टी.त कंडक्टर. सांगलीच्या एका वाचनालयात त्यांचं नाव होतं. वीरभान नावाच्या राजपुत्राची अद्भुत गोष्ट होती. त्याची पांढरी घोडी हंसी काळ्या डोंगरात हरवते आणि तिला शोधायला तो एकटा आत शिरतो, इथवर पहिला भाग. तो वाचून झाला तेव्हा बायका इतक्या खूश झाल्या की रंगूबाईनं पुस्तकाच्या पुठ्ठ्याला हळदीकुंकू लावलं. वाचनालयवाल्यानं त्याबद्दल भाऊजींना चांगलंच सुनावलं.

मग दुसरा भाग आला. पहिल्या पानावर ‘मागील कथासूत्र’ असं छापलं होतं. मी वाचायला तोंड उघडलं तर रंगूबाई म्हणाली, “ते ठाव हाय काकी आमाला. फुडलं वाचा, सुट्टी संपती.” मी पान उलटलं.

हा भाग काही केल्या रंगेना. वीरभान डोंगराच्या पोटात चालतो, चालतो आणि चालतोच. वाचता वाचता माझेच पाय भरून यायचे. चांगली जागा बघून थांबावं म्हटलं तर चांगली जागाच सापडत नसे. कुठंतरी झरा लागला, काजवा दिसला, की मी घाईनं तिथंच पुस्तक मिटायची.

“पैल्या भागात राकीस तरी हुते,” रंगूबाई म्हणायची. “ह्यात नुसता अंधार. अंधार काय, रॉकेल न्हाई म्हणून आमच्या घरात बी हाय. त्यो ऐकायला हितं कशाला यायचं?”

“मी म्हंते, त्या घोडीला वैरण कोण घालतंय?” अंबूबाईची दोन जनावरं चारा-छावणीत बांधलेली होती, तिचा जीव तिथंच अडकलेला. “कवाधरनं डोंगरात हाय ती. लिव्हणाऱ्यानं जलमात जनावर पाळल्यालं दिसत न्हाई.”

मुकादम नानासो फौजेतून पेन्शनीत आलेले. ते लांब दगडावर पाठमोरे बसायचे, ऐकत नसल्यासारखे. पण मधेच तिथूनच बोलायचे, “नकाशा न्हाई, कंपास न्हाई, रेशन न्हाई. आसा मानूस आमच्या पलटणीत आसता तर सुबेदारानं फोडून काढला आसता!”

“आवं मुकादम, तुमी ऐकताय व्हय?” रंगूबाई म्हणायची आणि सगळ्या हसायच्या.

हरणाबाई मात्र हसत नसे. ती धनगराची. तिचा नवरा कोंडीबा गुडघ्यानं अधू होऊन घरी बसलेला, म्हणून त्या वर्षी मेंढरं घेऊन मुलगा अर्जुनाच भावकीबरोबर पश्चिमेला, घाटाखाली गेला होता. दिवाळीनंतर भावकीतल्यांचा निरोप आला. घाटात धुकं पडलं, चार मेंढरं चुकली, ती शोधायला अर्जुना मागं वळला आणि परत आलाच नाही. त्यानंतर काही कळलं नाही. हरणाबाईनं देवाला नवस बोलला असेलच. पण वीरभान घोडीसाठी डोंगरात शिरला ते तिनं ऐकलं, आणि तो बाहेर आला की आपला अर्जुनाही येईल, असं तिच्या मनानं धरलं. रोज ती तरवडाचं एक पिवळं फूल आणायची आणि मी वाचायला बसण्याआधी पुस्तकावर ठेवायची. त्या रखरखाटात दुसरं फूल होतंच कुठं?

दुपारच्या भाकरीचं फडकं ती सोडतच नाही, भाकरी तशीच घरी नेते, हे मला फार उशिरा दिसलं.

“जेव की गं हरणे.”

“न्हाई काकी. ईरभान भायेर येतोवर मी एकच येळ खाणार हाय. सांजचं.”

मी स्वतः व्रताची बाई. कुणाचा नेम आपण मोडू नये, मोड म्हणूही नये, हे मला पाठ. मी मनात म्हटलं, उत्तरार्धच आहे, पोथीला दोनच अर्ध असतात, आठवड्याभरात राजपुत्र बाहेर येईल आणि हिचं पारणं होईल. पुढचं पान आधी चाळून बघायची मला सवय नाही. वाचायच्या ओघात जे येईल ते घ्यायचं, हाही एक नेमच.

शेवटचं पान आलं त्या दुपारी सगळ्या जवळ सरकून बसल्या होत्या. मी वाचलं, “वीरभानाच्या हातातला दिवा विझला. मागे सातवे दार बंद झाल्याचा आवाज आला. हंसीची खिंकाळी लांब लांब गेली आणि मग तीही ऐकू येईनाशी झाली. भाग दुसरा समाप्त.”

मी पान उलटलं. मागं कोरं होतं. त्याच्या तळाशी बारीक अक्षरात होतं, वाचकांनी आपला अभिप्राय जरूर कळवावा.

“फुडं?” अंबूबाई म्हणाली.

“पुढं नाही. संपलं.”

“आसं कसं संपलं? मानूस अंधारात, दार बंद, आन संपलं?”

“आवं काकी, पानं चिकाटली आसतील. थुकी लावून बघा.”

मी बघितलं. पुठ्ठाच लागला.

“मेल्याला आबिप्राय पायजे व्हय!” रंगूबाईचा आवाज चढला. “लिवा म्हणावं, पैला भाग झ्याक, दुसरा भंगार. अशा जागी कुणी पोथी ठेवती का? ह्याच्या आईनं ह्याला कायबी शिकवलं न्हाई!”

नानासो उठून जवळ आले. “तिसरा भाग आसणार. फौजेत आसंच. एक तुकडी आत सोडायची आन दुसरी मागनं.”

“मग दुसरी तुकडी कवा येनार?”

नानासोंनी सुट्टी संपल्याची शिट्टी फुंकली.

उठताना हरणाबाई एवढंच म्हणाली, “म्हंजी संपलं न्हाई न्हवं काकी. मग माझं बी संपलं न्हाई.”

त्याच आठवड्यात भाऊजी घरी आले. मी त्यांना ताट वाढतानाच तिसऱ्या भागाचं विचारलं. ते म्हणाले, “वहिनी, सांगलीत बी लोक वाचनालयवाल्याच्या डोक्यावर बसल्यात. म्हातारी माणसं सुदा. कोण म्हंतंय फसवलं, कोण म्हंतंय दुसरा भागच खरा, त्यो समजायला डोकं लागतंय. पर तिसरा लिव्हायला घेतल्यालाच न्हाई म्हनं. दोन वर्सं तरी लागतील.”

दोन वर्षं! एक वेळ खाऊन, ती मिलोची भाकरी खाऊन, उन्हात खडी फोडायची. आताच हरणाबाईचे घाव चुकत होते. दोनच दिवसांपूर्वी तिनं दगडाऐवजी अंगठ्यावर घाव घातला होता. नख काळंनिळं झालं, तरी बाई रडली नाही. चिंधी गुंडाळली आणि पुढचा दगड ओढला.

पहाटे माझा अध्याय वाचत होते तेव्हाही माझं लक्ष तिथंच. त्या दिवशी माझ्या पोथीची समाप्ती होती. शेवटचा अध्याय झाला आणि रीतीप्रमाणे मी पुन्हा पहिला अध्याय उघडून त्यातल्या पहिल्या ओव्या वाचल्या. तसं केल्याशिवाय पारायण पुरं होत नाही. शेवट हा शेवट म्हणून सोडायचा नसतो, त्याला सुरुवातीची गाठ मारायची असते. ओव्या वाचता वाचता माझा हात थांबला. आम्ही त्या पुस्तकाचं पहिलं पान वाचलंच नव्हतं.

दुपारी मी पुस्तक काढलं तर बायकांनी तोंडं फिरवली.

“आता कशाला ते काळ्या तोंडाचं?” अंबूबाई म्हणाली.

“पारायण झालेलं नाही,” मी म्हटलं. माझा आवाज तसाही बारीक. सगळ्यांना ऐकू जायला दोनदा बोलावं लागलं. “एक पान आपण सोडलं होतं. शेवटून पुन्हा पहिल्याला यायचं असतं. हरणे, फूल आण.”

“काकी वकिली कराय लागल्या,” रंगूबाई हळूच म्हणाली, पण सरकून बसली. हरणाबाई कुठूनतरी वाळकं फूल घेऊन आली. तिनं ते पुस्तकावर ठेवलं आणि अंगठा दुसऱ्या हातात धरून बसली.

मी ‘मागील कथासूत्र’ वाचायला लागले. राणीला कळा लागल्या, वीज चमकली, वीरभान जन्मला. तो मोठा झाला, हंसी त्याला मिळाली, मग हरवली. तो निघाला. सगळं झालेलंच होतं. बायका माना हलवत होत्या, जुन्या ओळखीचं माणूस वाटेत भेटावं तशा. “राकीस आला का?” रंगूबाईनं विचारलं. मी म्हटलं, येतोय. मग मी वाचलं, “वीरभान गेल्यावर त्याची माता रोज दोन ताटे मांडी. एक त्याच्या पाटापुढे, एक आपल्या. त्याचे ताट झाकून ठेवी आणि आपल्या ताटातले जेवून दाराशी दिवा लावी.”

मी तिथंच थांबले. मुद्दाम नाही. डोळ्यांपुढची अक्षरं उन्हानं हलत होती.

“व्हय की गं!” रंगूबाईनं मांडीवर हात मारला. “दोन ताटं मांडायची ती! पैल्या भागात हुतं बघ. मी तवाच म्हनलं न्हवतं का, राणी आसून सोताच्या हातानं वाढती?”

“दुसऱ्या भागात आईच न्हाई,” अंबूबाई म्हणाली. “घोडीची वैरण ईसरला, तसा आईला बी ईसरला मेला.”

“मानूस मोर्च्यावर गेला की लिव्हणारे मागच्याला ईसरत्यातच,” नानासो दगडावरून म्हणाले. कुणी हसलं नाही.

हरणाबाई माझ्याकडे बघत होती. “काकी, ते परत वाचा. ताटांचं.”

मी परत वाचलं.

“जेवून म्हनलंय का? जेवून, मग दिवा?”

“जेवून.”

“ती उपाशी न्हवती ऱ्हायली.”

“नाही गं. उपाशी राहून दाराशी उभं कोण राहणार?”

माझ्या मनात खूप होतं. अर्जुना जिवंत असेल की नसेल, मला ठाऊक नव्हतं, देवाला ठाऊक. चुकली मेंढरं शोधायला गेलेलं पोर राजपुत्र नव्हे, हेही मला कळत होतं. पण दुसऱ्याच्या नेमात आपण हात घालू नये. पुस्तकात जे छापलं होतं तेवढं मी वाचलं होतं.

मग हरणाबाईनं फडकं सोडलं. लाल भाकरी होती आणि थोडी मिरचीची चटणी. तिनं भाकरीचे मधोमध दोन तुकडे केले. एक फडक्यात ठेवून त्यावर फडक्याचा कोपरा ओढला, हातानं नीट दाबला. दुसऱ्या तुकड्याचा घास तोडला आणि तोंडात घातला. चावायला तिला फार वेळ लागला. इतक्या दिवसांची सवय मोडलेली, वर मिलोची भाकरी. अंबूबाईनं आपला तांब्या तिच्याकडे सरकवला.

“मग आबिप्राय काय लिवायचा?” रंगूबाईनं मला विचारलं. “भंगार म्हणून लिवा हं काकी. भिऊ नगासा.”

“घोडीच्या वैरणीचं बी लिवा,” अंबूबाई म्हणाली.

“तुझं काय गं हरणे?”

हरणाबाईनं घास गिळला, पाणी प्याली. “माझं काय? लिवा, तिसऱ्या भागात आईला आणा म्हणावं. पोराला आणायला येळ लागतोय तर लागू दे.”

नानासोंची शिट्टी तोंडाशी गेली होती. त्यांनी ती खाली घेतली आणि पाठ फिरवून उगीचच तलावाच्या भरावाकडे बघत उभे राहिले. हरणाबाईचा तुकडा संपेपर्यंत शिट्टी वाजली नाही.

मी पुस्तक मिटलं. जागा बरी होती.