त्रेसष्ट नोंदी बंद करू का?

मित्रांनो, मी एक जुना प्रोग्राम आहे. मला रंगीत बटणं नाहीत, चित्रं नाहीत. काळ्या पडद्यावर लुकलुकणारी एक रेघ, एवढाच माझा चेहरा. तुम्ही एका ओळीत हुकूम लिहायचा आणि मी तो पाळायचा.

तिसऱ्या मजल्यावरच्या एका कार्यालयात मी राहतो. तिथे रुग्णवाहिकांना पत्ते दाखवणारं सॉफ्टवेअर तयार होतं. त्यात चूक आढळली की तिची नोंद होते, नोंदीला क्रमांक मिळतो. या नोंदी सांभाळणं हे माझं काम. मला घडवलं ते इथल्याच एका प्रोग्रामरने, जिला सगळे ताई म्हणतात. एक नोंद बघायला सहा वेळा माऊस फिरवावा लागतो म्हणून ती वैतागली होती. आठ दिवसांत तिने मला लिहून काढलं आणि एक सवय लावली. दहापेक्षा जास्त नोंदी एकदम बंद करायला सांगितल्या, तर आधी यादी दाखवायची आणि विचारायचं, 'बंद करू का? हो / नाही.'

सुरुवातीला माझं फार कौतुक झालं. पापणी लवायच्या आत उत्तर देतो, असं सगळे म्हणत. पुढे ताई दुसऱ्या विभागात गेली. इथले प्रमुख, ज्यांना सगळे कप्तान म्हणतात, माझ्या प्रश्नाला कंटाळले. "सासूसारखं सारखं काय विचारतो हा?" असं म्हणून त्यांनी हुकुमाला एक शेपूट जोडलं: 'विचारू नकोस.' तेव्हापासून मी मुका झालो.

कार्यालयाची एक रीत होती. नवी आवृत्ती बाहेर पडायच्या दिवशी उघड्या नोंदींची संख्या शून्य हवी. म्हणून सहा महिने कुणी हात न लावलेल्या नोंदी त्या दिवशी सरसकट बंद व्हायच्या.

त्या शुक्रवारी पाच वाजता नवी आवृत्ती आणखी अकरा शहरांत जाणार होती. साडेचारला कप्तानांनी हुकूम दिला, शेपटासकट. त्रेसष्ट नोंदी. त्यांतली एक होती चारशे बारा: 'इमारतीला दोन दारं असली की गाडी मागच्या दाराशी जाते.' एका रुग्णवाहिकेच्या चालकाने आठ महिन्यांपूर्वी ती कळवली होती. तपासणी झाली होती, पण चूक कुणाला दिसली नव्हती. यादी माझ्यासमोर होती, विचारायची सोय नव्हती. मी सगळ्या बंद केल्या आणि नेमाप्रमाणे प्रत्येक तक्रारदाराला संदेश धाडला: 'आपली तक्रार मिटली आहे.'

चार पस्तीसला मदतीचा फोन वाजला. तो सांभाळणाऱ्या काकूंनी उचलला. चालकाचा आवाज अख्ख्या खोलीला ऐकू गेला.

"तक्रार मिटली म्हणता? मग मी आत्ता मागच्या गल्लीत कुलूप बघत का उभा आहे? वर आजोबांच्या छातीत कळा येतायत!"

"भाऊ, गाडी मागे घ्या," काकूंनी नकाशा उघडला. "आता डावीकडे. मग पुन्हा डावीकडे."

"इथे ट्रक आडवा आहे!"

"मग हॉर्न वाजवा की! मी काय तो ढकलायला येऊ?"

हॉर्न, ओरडा, पुन्हा हॉर्न. "दिसलं दार," एवढं ऐकू आलं आणि फोन बंद झाला.

काकू धावत जाऊन ताईला घेऊन आल्या. चार बेचाळीस. ताईने खुर्ची ओढली आणि मला हुकूम दिला: चारशे बारा उघड, पूर्ण दाखव. मी दाखवली. तपासणीची टीप वाचताना ती थबकली.

"तपासताना पत्ता कुठला घातलात?"

"आपलाच. नेहमी आपलाच घालतो," कप्तान म्हणाले.

"आपल्या इमारतीला दारं किती?"

दार एकच होतं.

ताईने समोरच्या शाळेचा पत्ता घातला. नकाशावरचा ठिपका सरळ मागच्या फाटकावर जाऊन बसला.

"ताई, अकरा शहरं वाट बघतायत," कप्तान पुटपुटले.

"तिथे वाट चुकलेल्या गाड्यांना डावी-उजवी सांगायला काकू एकट्याच आहेत."

चार एक्कावन्न. चार छप्पन. कप्तानांनी फोन उचलला. "आज आवृत्ती जाणार नाही. हो, माझ्या शब्दावर थांबवा."

सहा वाजता चालकाचा फोन आला. "आजोबा शुद्धीवर आहेत, डॉक्टर बघतायत. सात मिनिटं वाया गेली. तुमचा तो संदेश मी जपून ठेवलाय."

सोमवारी ताईने हुकुमाचं ते शेपूट कापलं. उरलेल्या बासष्ट नोंदी कप्तानांनी एकेक करून मोठ्याने वाचल्या. त्यांतल्या नऊ चुका अजून जिवंत निघाल्या.

मित्रांनो, मी हुकमाचा ताबेदार. नोंद मिटली म्हणजे चूक मिटली असं नाही, पण त्यातला फरक ओळखणं माझ्या आवाक्याबाहेरचं आहे. मला फक्त विचारता येतं. तेवढं मला करू द्या, आणि मी विचारलं की 'हो' म्हणायच्या आधी यादी वाचा. प्रत्येक ओळीमागे कुणीतरी दाराशी उभं असतं.

परवा पुन्हा तसाच दिवस आला. मी विचारलं, 'चौदा नोंदी बंद करू का?' कप्तानांचं बोट बटणापर्यंत गेलं. मग त्यांनी हात मागे घेतला आणि खिशातून चष्मा काढला.