माझ्या घरघरीच्या आडून

मित्रांनो, मी एक जुना मिक्सर आहे आणि मला अजून धक्का बसलेला आहे. यंत्राला कसला धक्का, असे तुम्ही म्हणाल. परवापर्यंत मीही तेच म्हटले असते.

कारखान्यात माझी चाचणी झाली तेव्हाच मी असा घरघरलो, की तपासणाऱ्या बाईंनी कानांवर हात ठेवले. तरी मी पास झालो आणि या घरात आलो. घरात आई, बाबा, आजी आणि लेक. आजी म्हणजे बाबांची आई.

आईचे बोलणे फार मऊ. रोज सकाळी अंघोळ झाली, की ती हात जोडून नेम घ्यायची, ‘आज कोणाला तोडून बोलणार नाही.’ आणि दिवसभर तो पाळायची. शेजारीपाजारी तिचे कौतुक करत. मीही करत होतो. मग एके दिवशी तिने माझे बटण फिरवले आणि झाकण तळहाताने दाबून, माझ्यावर वाकून, ती खड्या आवाजात बोलू लागली.

“ओला टॉवेल गादीवर. गादीला ताप आलाय का?” हे बाबांना. “खोलीत एवढे पेले साठवलेत, दुकान काढायचंय का?” हे लेकीला. “मीठ कमी, मीठ कमी. डबा हाताशी असतो की, सासूबाई.” हे कोणाला ते सांगायला नको. माझे पाते जागच्या जागी थिजायचेच बाकी होते. मग तिने बटण बंद केले. टोमॅटोचा लगदा झाला होता आणि आईचा चेहरा धुतल्यासारखा स्वच्छ. बाहेर जाऊन ती हळूच म्हणाली, “अहो, टॉवेल तेवढा दोरीवर टाकता का?”

यंत्राला बोललेले मोजत नाहीत, असा तिचा हिशेब होता. देवाला तो मान्य होता की नाही ठाऊक नाही. मला होता.

पुढे कळले, की माझ्या पदरात नुसता राग पडत नाही. लेक तापाने फणफणली होती, तेव्हा सगळ्यांना धीर देणारी ही बाई रिकामे भांडे लावून मला फिरवत राहिली आणि “माझं लेकरू बरं कर” एवढेच म्हणत राहिली. त्या दिवशी मी जीव तोडून घरघरलो.

एकदा रिपेअरवाला म्हणाला, “ताई, आतला बुश बदलला की आवाज निम्म्यावर येईल.” आई घाईने म्हणाली, “नको, आवाज राहू दे.” तो बिचारा आळीपाळीने आम्हा दोघांकडे बघत राहिला.

बाकीच्यांना मात्र मी नकोसा झालो. लेक अभ्यासाला बसताना कानांत कापूस घाली. आजी विचारी, हा मिक्सर आहे की गिरणी? अखेर आईच्या वाढदिवसाला तिघांनी मिळून नवा मिक्सर आणला. आवाजच नाही बघ, असे बाबा कौतुकाने सांगत होते. आईचे हसू ओठांवरच थांबले, ते फक्त मला दिसले. मला पोत्यात घालून स्वयंपाकघराच्या दारामागे ठेवले, भंगारवाल्यासाठी. पोत्याला भोक होते, त्यातून मला सगळे दिसत होते.

संध्याकाळी तिघे टेबलाशी जेवणाची वाट बघत बसले होते. आईने नव्याचे बटण दाबले. वर्षानुवर्षांची सवय. तळहात झाकणावर गेला आणि तोंड आपोआप सुरू झाले.

“वाढदिवस माझा आणि आणलं काय, तर वाटायचं यंत्र. उद्या मी मेले, तरी हे तिघं आधी विचारतील, चहा ठेवून गेली का!”

नवा नुसता कुजबुजत होता. शब्द न् शब्द बाहेर गेला.

टेबलावरचा चमचा खाली पडला, तो कोणी उचलला नाही. आई पांढरीफटक. तिने झटकन बटण बंद केले, जणू त्याने बोललेले परत येणार होते. मग ओट्याला टेकून मटकन खाली बसली. “माझा नेम मोडला,” एवढेच म्हणाली. इतक्या वर्षांत एकदाही न मोडलेला.

लेकीचा चेहरा रडवेला झाला. बाबा उठले, आत आले आणि काहीतरी करायला हवे म्हणून पातेले हातात घेतले. बराच वेळ डबे उघडून झाल्यावर त्यांनी विचारले, “अगं, चहाची पावडर कुठे असते?”

आई हसली नाही. नुसते बोट दाखवले, तेव्हा बाबांना डबा सापडला आणि चहा गॅसवर चढला. तेव्हा आजी उठली. दारामागचे पोते सोडून तिने मला बाहेर काढले, पदराने पुसले आणि ओट्यावर ठेवले.

“ऐकू गेलं म्हणून नेम मोडत असेल, तर मी आजवर नशिबाने वाचले,” आजी म्हणाली. “मी बाथरूममधला नळ सोडून बोलते.”

“कोणाला?” आईने विचारले.

“तुलाच. आणखी कोणाला?”

मित्रांनो, तो मला बसलेला धक्का. आई डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. आजीही हसली. पातेल्यातला चहा उतू गेला.

आता मी ओट्यावर आहे आणि नवा कपाटात. सकाळचा नेम पुन्हा सुरू झाला आहे. तुमच्याही घरी माझ्यासारखे एखादे खडखडणारे यंत्र असेल. त्याला पुसा, त्याचा बुश तपासा, पण भंगारात घालायची घाई करू नका. त्याच्यावर वाकलेल्या आईचे ओठ हलताना दिसले, तर तिला थांबवूही नका. तिचे होऊ द्या. बटण बंद झाले, की मग जवळ जा. आणि चहाची पावडर कुठे असते, ते आजच बघून ठेवा.