आईच्या वळणावर

येडगावात आरतीकडे बघून जो तो म्हणे, "अगदी साळुबाईच उभी राहिली बघा!" तेच नाक, तीच हनुवटी, हसताना तोंडावर हात धरायची तीच लकब. म्हणणाऱ्याला कौतुक वाटे. आरती मात्र घाईनं विषय बदले. साळुबाई, म्हणजे तिची आई, एकेचाळिसाव्या वर्षी छातीच्या कॅन्सरनं गेली होती. चेहरा आईचा, तर दुखणंही आईचंच, हे आरतीनं तेराव्या वर्षीच मनाशी धरलं. आता ती एकोणतिसाची, गावातल्याच शाळेत शिक्षिका. आलेली तीन स्थळं तिनं काहीबाही खोट काढून परत पाठवली. खरं कारण कुणाला सांगणार?

मग मंचरच्या चिमामावशीलाही तेच झालं. मावशी वाचली, आणि मुंबईच्या डॉक्टरांनी तिच्या रक्तात पिढीजात चालत आलेला दोष नेमका शोधून काढला. तोच साळुबाईतही असणार, दोघी मुलींनी रक्त तपासून घ्या, असा त्यांनी निरोप दिला. दोघी म्हटल्यावर वडील, सावळाराम, हसलेच.

"भागूचं काय तपासायचं? ती माझ्या वळणावर गेलीय!"

भागू धाकटी. जाड भुवया, रुंद कपाळ, सगळं बापाचं. ती नारायणगावात नांदत होती, काखेला वर्षाची समृद्धी. सावळारामचं म्हणणं घरात सगळ्यांना पटलं, शिकलेल्या आरतीलासुद्धा. रक्त दिलं तिनं एकटीनं.

निकालाच्या दिवशी मुंबईत डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तुमच्यात तो दोष नाही. चारचौघींना असतो, तेवढाच धोका तुम्हाला." आरतीनं हे तीनदा वदवून घेतलं. बाई पुढं बरंच काही सांगत होत्या, पण ऐकतंय कोण! सावळारामनं तर दारातल्या अनोळखी वॉचमनलाच मिठी मारली.

परतीच्या एसटीत आरतीच्या तोंडाला खळ नव्हता. स्कूटी घ्यायची, एम.ए. करायचं, केस कापायचे! माळशेजच्या वळणावर तिनं वडिलांना कोपरानं ढोसलं.

"आण्णा, त्या घाटघरच्या मास्तरांचं लगीन झालं का वो?"

"तूच नाक मुरडलं व्हतं की!"

"त्यांचं नाक लई चांगलं व्हतं," ती म्हणाली आणि तोंडावर हात न धरता खदखदून हसली. पुढच्या सीटवरची म्हातारीही उगाच हसायला लागली. आळेफाट्याला उतरून सावळारामनं दोन किलो पेढे घेतले.

भागू माहेरी येऊन वाटच पाहत होती. बातमी ऐकताच तिनं समृद्धीला काखेत धरून अंगणातच ताईभोवती फेर धरला. शेजारपाजार जमला, पेढे फिरले. आरती तर वयाचं भान विसरून पोरीसारखी नाचत होती.

मग भागू थांबली. पेढा हातातच राहिला.

"ताई, तू तर हुबेहूब आई."

"व्हय. तरी बी मला न्हाई!"

"म्हंजी तोंडावरनं काय बी कळत न्हाई."

सावळारामनं तोंड उघडलं. 'माझ्या वळणावर' हे शब्द त्याच्या जिभेवर आले, आणि तिथंच राहिले.

भागूनं समृद्धीला आरतीच्या हातात दिलं. हात पदराला पुसले. "मुंबईची पहिली गाडी किती वाजता असती गं?" तिनं विचारलं.

"मी येते संगं," आरती म्हणाली. सोळा वर्षं स्वतःपुरतं भिऊन घेतलं होतं. ती भीती सोपी होती, हे तिला आत्ता कळलं. तिनं भाचीला घट्ट छातीशी धरलं. भाचीच्या भुवया जाड होत्या, भागूसारख्या. आरतीनं त्यांच्याकडे पाहिलंच नाही.