शेजारची सीट

ते दोघं आवारात शिरले तेव्हा ती करडी गाडी आधीच सुरू होती. बाकीच्या गाड्या रांगेत थंडगार उभ्या होत्या, काचांवर धुळीचे थर. ही एकटीच मधोमध, पुसूनपुसून लख्ख केलेली, घोगऱ्या आवाजात गुरगुरत होती. आत कोणीच बसलेलं नव्हतं.

"तुमच्यासाठीच गरम करून ठेवलीय, साहेब," गाडीवाला पुढे येत म्हणाला. माणूस हसरा, शर्टाच्या बाह्या नीट दुमडलेल्या. "थंड इंजिनाची गाडी दाखवणं म्हणजे झोपेतून उठवून मुलगी दाखवण्यासारखं."

धाकटा भाऊ मनापासून हसला. ताई हसली नाही. गाडी आपल्यासाठी गरम करून ठेवली की कशापासून तरी आपल्याला लांब ठेवायला, असा एक फालतू प्रश्न तिच्या मनात आला. तो तिनं बाजूला सारला.

भावाला घरात अजून बारक्या म्हणत, जरी आता तो ताईपेक्षा हातभर उंच होता आणि त्याच्या कानांवरचे केस पिकू लागले होते. तो दातांच्या कवळ्या घडवायचा. दिवसभर स्टुलावर बसून दुसऱ्यांचे दात घासायचे, रंगवायचे, असे की आरशात बघणाऱ्यालाही खरे कुठले नि खोटे कुठले ते कळू नये. लहानपणापासून त्याला एकच वेड होतं: दोन दारांची, जमिनीला चिकटून पळणारी गाडी. आधी शिक्षण, मग घर, मग कोणाचं तरी आजारपण, असं करत ते वेड मागे पडत गेलं. मेलं मात्र नाही. यंदा हातात थोडे पैसे आले. नव्या गाडीचं दारसुद्धा आलं नसतं त्यात, पण जुनी एखादी बसली असती.

बायकोनं ओट्यापाशी पोळ्या लाटता लाटता एकाच वाक्यात निकाल दिला होता. "ताई हो म्हणाल्या तर मी शेजारी बसेन. नाहीतर एकटेच फिरा." म्हणून आज ताईला सुट्टी घ्यायला लावून त्यानं बरोबर आणलं होतं.

ताई मापं तपासणाऱ्या प्रयोगशाळेत होती. दवाखान्यांतले, कारखान्यांतले दाबमापक तिच्या टेबलावर यायचे. काटा शून्यावर आहे म्हणजे दाब शून्य आहे, की काटाच तिथे अडकून बसलाय, हे ठरवणं तिचं काम. त्यासाठी त्याला आधी हलवून बघावं लागे. जो काटा हलतच नाही, त्याच्या शून्यावर ती सही करत नसे.

सकाळपासून त्यांनी दोन गाड्या पाहिल्या होत्या. पहिली लाल, देखणी. पण जोर दिला की मागून निळसर धूर सोडत होती. इंजिन तेल पीत होतं. तिला बारक्यानंच नापास केलं. दुसरी पांढरी, एका निवृत्त शिक्षकाची. टपावरचा रंग उन्हानं उडालेला, एका सीटची शिवण उसवलेली. पण किल्ली फिरवली तशी समोरचे दिवे सगळे एकदम लागले आणि आपापल्या वेळेला एकेक करून विझले. ताईला ते बघूनच बरं वाटलं होतं.

"ही घे," ती म्हणाली होती.

"ही स्पोर्ट्स कार आहे? ही आजोबांची चप्पल आहे, ताई. ढकलून दिली तरी वळून विचारेल, एवढी घाई कसली."

"निदान घरी तरी आणून सोडेल."

"घरी तर मी चालतही येतो."

आणि आता ही करडी. पांढरीच्याच भावात, वयानं तिच्याहून निम्मी. बारक्या तिच्याभोवती फिरत नव्हताच. तो दाराशी उभा राहून बोटांची टोकं पत्र्यावरून हलकेच फिरवत होता, जसा तो एखाद्या कवळीवरून फिरवे. ताईनं ते पाहिलं. त्याला हवी असलेली वस्तू त्याला सापडली होती.

"दोनच सीटा, त्यामुळे मी येत नाही. तुम्ही बहीणभाऊ टेकडीवरून चक्कर मारून या," गाडीवाला म्हणाला. "फक्त मध्ये बंद करू नका हं. बॅटरी जरा उतरलीय. उद्या नवी टाकून देतो."

"का बरं? उतरलेली बॅटरी तर चालवल्यावर भरते," ताई म्हणाली.

तो तिच्याकडे पाहून पुन्हा हसला, पण या वेळी डोळ्यांनी नाही. "मॅडम हुशार आहेत, साहेब. जपून राहा."

टेकडीचा रस्ता अरुंद होता, एका बाजूला कापलेला दगड, दुसऱ्या बाजूला उतार आणि झुडपं. बारक्या सुरुवातीला दबकत चालवत होता. मग एका चढावर त्यानं पाय दाबला आणि गाडीनं दोघांनाही सीटमध्ये मागे रेटलं. तो मोठ्यानं हसला. इतका मोकळा तो कित्येक वर्षांत हसला नव्हता, आणि ताईला क्षणभर वाटलं, गप्प बसावं. लोक काय काय विकत घेतात. यानं एक हसू घेतलं तर बिघडलं कुठे?

पण वळणावर तिला काहीतरी जाणवलं. पुढचा भाग वळून गेल्यावर मागचा भाग जरा उशिरानं, जरा वेगळ्याच मनानं वळत होता.

वर पाण्याचा पाइप फुटला होता आणि रस्त्याचा एक सरळ तुकडा ओला झाला होता. "इथे थांब," ती म्हणाली. "मी उतरते. तू या पाण्यातून अगदी सरळ जा, आणि पुढे कोरड्यात थांब."

"ताई, प्रयोगशाळा घरी ठेवून यायची होतीस ना."

"जा म्हणते ना."

तो गेला. कोरड्या डांबरावर चाकांचे ओले पट्टे उमटले. नीट चालणाऱ्या गाडीच्या मागच्या चाकांनी पुढच्यांच्या वाटेनं जावं. इथे दोनाच्या जागी चार पट्टे होते. गाडी खेकड्यासारखी, अंग जरा तिरपं धरून चालली होती.

"मागचे टायर रुंद असतात अशा गाड्यांना," बारक्या खिडकीतून म्हणाला. तिनं काही विचारायच्या आधीच.

"रुंद असते तर दोन्हीकडे सारखे बाहेर आले असते. इथे एकीकडे बाहेर आलेत, दुसरीकडे आत गेलेत. ही गाडी कुठेतरी जबरदस्त आपटलीय, बारक्या. ओढून सरळ केलीय, पण पुरती झालेली नाही." ती शेजारी येऊन बसली. "आता बंद कर."

"बॅटरी..."

"उतार आहे. नाही लागली तर ढकलू."

त्यानं बंद केली. एकदम शांतता पसरली. खाली कुठेतरी कुत्रं भुंकत होतं. तिनं हात लांब करून किल्ली अर्धी फिरवली, इंजिन सुरू न करता. समोर दिवे लागले. ती थांबून राहिली. एअरबॅगचा दिवा आपली तपासणी आपण करतो आणि थोड्या वेळानं आपणहून विझतो. तेलाचा दिवा मात्र इंजिन सुरू होईपर्यंत तसाच राहतो. इथे दोन्ही दिवे तसेच होते. ती वाट बघत राहिली. मग तिनं किल्ली पूर्ण फिरवली. इंजिन पहिल्याच झटक्यात सुरू झालं, बॅटरी ठणठणीत होती, आणि दोन्ही दिवे एकाच क्षणी विझले.

"एका तारेवर बांधलेत," ताई म्हणाली. "एअरबॅगच्या दिव्याला स्वतःचं काही कळतच नाही. तेलाचा विझला की हा विझतो. अपघातात एअरबॅग फुटल्या असणार. नव्या बसवल्याच नाहीत. या झाकणांमागे काही नाहीये, बारक्या."

तो समोर काचेतून बघत होता. स्टिअरिंगच्या मधल्या गुळगुळीत झाकणावर त्याचा अंगठा हळूहळू फिरत होता.

"काम सुरेख केलंय पण," तो म्हणाला. "सांधा दिसत नाही."

मग तिला कळलं. "तुला माहीत होतं."

"काल सांगितलं त्यानं. मी विचारलं, एवढी स्वस्त का, तर त्यानं सरळ सांगून टाकलं." तो अजून तिच्याकडे बघत नव्हता. "ताई, धड असती तर मला परवडली असती का? ही मोडलेली आहे म्हणूनच माझ्या वाट्याला येतेय."

"मग मला कशाला आणलंस? आणि ते 'बंद करू नका'चं नाटक?"

"ते तुझ्यासाठी. तू हो म्हणावंस म्हणून." आता तो वळला. "तू फक्त तिला सांग, पाहिली, ठीक आहे. माझ्यावर नाही, पण तुझ्यावर तिचा विश्वास आहे. मी हळू चालवीन ना."

"आत्ता चढावर हळू चालवलीस तशी?"

तेवढ्यात ताईचा फोन वाजला. भावजयच होती. बारक्यानं नाव पाहिलं आणि हात जोडले, अगदी लहानपणी काच फोडल्यावर जोडायचा तसे.

"पाहिलीत का, ताई? कशी आहे?"

ताईनं भावाच्या जोडलेल्या हातांकडे पाहिलं. नखांच्या कडांत कवळ्यांची गुलाबी पूड होती.

"बसू नकोस या गाडीत," ती म्हणाली. "समोर एअरबॅग नाहीत आणि मागची चाकं रेषेत नाहीत. कधीही बसू नकोस."

"मी नाही बसणार," भावजय म्हणाली. "पण ते बसतील ना, ताई?"

सकाळपासून ती शेजारच्या सीटची राखण करत होती. पलीकडच्या सीटबद्दल तिला कोणी विचारलंच नव्हतं. आणि तिच्या नकाराचा तिथे काही उपयोग नव्हता.

बारक्यानं सगळं ऐकलं होतं. त्याचा चेहरा मिटत गेला. "झालं तुझं समाधान? दार लाव. खाली जाऊन पैसे देऊन टाकतो. एकटाच फिरेन."

ताई उतरली. दार लावून ती गाडीच्या मागच्या बाजूला गेली आणि रस्त्याच्या मधोमध, उताराच्या दिशेनं चालू लागली. फोन तिच्या हातात तसाच सुरू होता. "ठेवू नका, ताई," आतून बारीक आवाज येत होता. "ठेवू नका."

मागे गाडी वळवून घेतल्याचा आवाज आला. मग ती तिच्या मागे लागली. रस्ता अरुंद होता. बाजूनं निघायला जागा नव्हती. इंजिन मध्येच चढे, मध्येच उतरे, त्याची ऊब तिच्या पोटऱ्यांना लागत होती. त्यानं हॉर्न वाजवला नाही. तिनंही मागे वळून पाहिलं नाही. एका हातात फोन, दुसऱ्या हातात काही नाही, अशी एक पोक्त बाई आणि तिच्यामागून पावलापावलानं येणारी ती करडी गाडी. समोरून कोणी आलं असतं तर त्याला वाटलं असतं, बाई वाट दाखवतेय.

तिसऱ्या वळणानंतर रस्ता रुंद झाला. पुढे खालपर्यंत सरळ उतार होता.

गाडी तिच्या बाजूला आली. काच खाली होती. मध्ये ती रिकामी सीट.

"बस. हळू नेतो."

"नाही."

"मग बाजूला हो."

तिनं खिडकीच्या कडेवर हात ठेवला आणि चालत राहिली. गाडीचा वेग थोडा वाढला. तिचाही वाढला. मग चालणं पुरेना, तिला धावावं लागलं. चपलेचा अंगठा तुटला, ती चप्पल मागे राहिली.

"ताई, हात काढ."

तिनं काढला नाही.

"ताई, पडशील! हात काढ म्हणतो ना!"

तो ओरडत होता, पण त्याचा पाय अजून अ‍ॅक्सिलरेटरवर खालीच होता. पुढे कधीही हा दिवस आठवला की ताईला आधी तेच आठवणार होतं, किती वेळ तो पाय खालीच होता ते. मग त्यानं किल्ली फिरवली, इंजिन बंद झालं. गाडी थोडी घरंगळली आणि रस्त्याच्या कडेला तिरपी थांबली. तापलेल्या पत्र्याचा टिकटिक आवाज येऊ लागला.

"आज तू होतीस," बारक्या म्हणाला. त्याचा श्वास तिच्याइतकाच फुलला होता. "रोज कुठे धावणार आहेस?"

तिनं किल्लीसाठी तळहात पुढे केला. तो उतरला, दार आपटलं, किल्ली मुठीत धरली आणि तिच्या तळहाताला वळसा घालून खाली चालू लागला. तीही एका पायानं अनवाणी त्याच्या बाजूनं निघाली.

"ताई?" फोनमधून आवाज आला. "गाडीचा आवाज का बंद झाला? ताई, बोला ना. का बंद झाला आवाज?"

बोलायला ताईला दम उरला नव्हता. तिनं फोन भावापुढे धरला. तो घेण्यासाठी त्यानं डावा हात पुढे केला. उजवी मूठ त्यानं उघडली नाही.