पोपटरावांचं पोटॅशियम

कळंबच्या सोनाबाईला एखादी गोष्ट कळली नाही की घास गोड लागायचा नाही. साखरेच्या दुखण्यानं नवऱ्याच्या, पोपटरावांच्या, दोन्ही किडन्या निकामी झाल्या आणि कर्जतला डायलिसिस सुरू झालं. बाकीच्या बायका बाहेर बाकड्यावर बसायच्या; ही आपली थेट मशीनपाशी. रक्त या नळीतून जातं, त्या नळीतून परत येतं, मग मधे धुतं कोण? हाताची शीर अशी थरथरते का? पाणी मोजून का प्यायचं? आहारतज्ज्ञ नम्रता मॅडम हसून सांगायच्या, "मावशी, लघवी होत नाही, मग प्यायलेलं पाणी जाणार कुठं? अंगात साठतं, छातीत चढतं." पटलं की सोनाबाई मान हलवायची. नाही पटलं की पुन्हा विचारायची.

घोडं अडलं ते पोटॅशियमपाशी.

"भाज्या, बटाटे, फळं, सगळ्यात ते असतं," मॅडम म्हणाल्या. "आपल्या किडन्या जास्तीचं बाहेर टाकतात, यांच्या टाकत नाहीत. रक्तात वाढलं तर हृदय थांबू शकतं. म्हणून भाजी भरपूर पाण्यात उकळून निथळून घ्या. केळं, शहाळं बंद."

सोनाबाईनं अगदी तस्संच केलं. माठ असो, शेवग्याचा पाला असो, उकळला, निथळला, मग फोडणीला, सोबत तांदळाची मऊ भाकरी. तरी तपासणीत पोटॅशियम चढलेलंच! आणि एका सकाळी पोपटराव ओसरीवरून उठायला गेले, तर पायांत जीवच नाही. छातीत ठोका चुकतोय म्हणाले. शेजारच्या ओमकारनं रिक्षात घालून कर्जत गाठलं, तातडीनं मशीन लावलं, म्हणून निभावलं.

"चोरून काय खाता?" डॉक्टरांनी झापलं. "पुन्हा असं झालं तर इथवर पोचालच असं नाही."

"देवाशप्पत, काय नाय खाल्लं," पोपटराव म्हणाले. पण विश्वास कोण ठेवणार? केळ्याचा घड धड पिकायच्या आत संपवणारा माणूस हा!

त्या दिवसापासून सोनाबाई हात धुऊन नवऱ्याच्या मागे लागली. सदऱ्याचे खिसे उलटे केले. टपरीवाल्याला दम दिला. भेटायला आलेल्या नणंदेनं शहाळी आणली, ती तशीच परत धाडली. नणंद फुगली ती फुगलीच. म्हातारा बाहेरून आला की "आ करा" म्हणून तोंडाचा वास घ्यायची.

"अगं, मी काय पोर हाय?" पोपटराव कातावले. "त्या जाड सुया टोचतात, त्याचं मला काय वाटत नाय. तू खोटारडा ठरीवतेस, ते लागतं."

तिला रडू आलं, पण शंका काही जाईना. माणूस हातचा जाईल या भीतीनं तिला झोप नव्हती. पुढच्या तपासणीत आकडा पुन्हा वर. तेव्हा मात्र तिनं नम्रता मॅडमना गाठलं.

"मॅडम, भाजी उकळली की त्यातलं पोटॅशियम मरतं ना?"

"मरत नाही, मावशी. पाण्यात उतरतं. ते पाणी आपण टाकून देतो ना, त्याच्याबरोबर जातं."

सोनाबाईनं वळून नवऱ्याकडे पाहिलं.

"पाणी टाकता ना, मावशी?"

"टाकू कसं?" ती म्हणाली. "भाजीचा सगळा कस त्यात. मी त्याच्यातच पीठ उकडते, भाकरीचं. यांच्या अंगात ताकद नाय, म्हणून मुद्दाम यांच्याच भाकरीचं."

मॅडमनी कपाळावर हात मारला. पलीकडे मशीनला लावलेले पोपटराव सगळं ऐकत होते. सोनाबाई त्यांच्या खाटेपाशी गेली आणि साऱ्या खोलीला ऐकू जाईल असं म्हणाली, "यांनी कायबी चोरून खाल्लं नाय. मीच घालत व्हते यांना, माझ्या हातानं."

"मंग मी खरा," पोपटराव म्हणाले.

"खरे. मीच येडी."

"येडी नाय गं." त्यांनी सुया नसलेला हात तिच्या हातावर ठेवला. "पर येक सांगू? मरायचं भ्या नव्हतं मला. मी गेल्यावर तू लोकांना सांगितलं असतंस, चोरून खाल्लं नि गेला. त्याचं भ्या व्हतं."